रूबेनकाकांची शुक्रवारची चिठ्ठी

रूबेनकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका रविवारी, मरोळच्या बंद कारखान्यात. मी नुकताच ट्रेनी म्हणून लागलो होतो आणि शनिवारी जेवणाचा डबा आतच विसरलो होतो. आई ओरडली म्हणून तो आणायला गेलो, तर सगळी यंत्रं गप्प आणि इन्स्पेक्शनच्या खोलीत मात्र दिवा चालू. आत पन्नाशीतला एक गृहस्थ स्टुलावर ताठ बसून एकेक पोलादी पिन मायक्रोमीटरनं मोजत होता. चांगली पिन डाव्या ट्रेमध्ये, वाईट उजव्या. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "डबा तुझा का रे? सकाळपासून वास मारतोय. मी धुऊन ठेवलाय."

कारखान्याची सुट्टी रविवारची, पण काकांची शनिवारची. नोकरी धरतानाच त्यांनी तसं ठरवून घेतलं होतं. त्यामुळे वर्षातले सगळे रविवार हा माणूस त्या शेडमध्ये एकटाच असायचा, सोबतीला गेटवरचा वॉचमन. रूबेन थळकर हे नाव ऐकून मी त्यांना ख्रिश्चन समजलो होतो. ते म्हणाले, "बेने इस्राएल. ज्यू म्हण हवं तर. अलिबागेकडं आम्हांला शनवार तेली म्हणायचे. आजा घाण्यावर तेल गाळायचा आणि शनिवारी बैल सोडायचा." मग त्यांनी आपल्या डब्यातलं मला वाढलं. पुढची वीस वर्षं ते मला काही ना काही वाढतच राहिले.

नापास मालाला बांधायच्या तांबड्या टॅगांची पाठ कोरी असते. काका जेवणाच्या सुट्टीत त्या पाठीवर नकाशे काढायचे. दोन नद्या, एक वाळवंट, एक समुद्र, आणि मग बाण: अश्शूर, बाबेल, पारस. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या राज्यांविषयी ते असं बोलत, की ही सगळी मंडळी एमआयडीसीतच शेजारच्या गाळ्यांमध्ये बसतात असं वाटावं. आमच्या कंपनीचा मालक त्यांच्यादेखत तीनदा बदलला होता, त्यामुळे उदाहरणं हाताशी होती.

"अश्शूरवाले म्हणजे आपला दुसरा मालक," ते सांगायचे. "आला तो जुनी माणसं फोडत आला. लेथवाले पॅकिंगला, पॅकिंगवाले वसईला. वर्षभरात कोण कुठला ते कळेना. आमच्या बारा घराण्यांपैकी दहांचं तसंच झालं, आजवर पत्ता नाही. बाबेलचा नबुखद्नेस्सर निराळा. त्यानं यरुशलेम जाळलं, देऊळ पाडलं, आम्हांला धरून नेलं, पण नेऊन कालव्याच्या काठाला एकत्र बसवलं. एकत्र बसलं की माणसं जुनं बोलत राहतात. म्हणून आम्ही टिकलो."

ते नेहमी 'आम्ही' म्हणत. मी त्यांची खेचायचो. म्हणायचो, काका, तुम्ही अलिबागहून एसटीनं आलात, बाबेलहून नाही. ते न चिडता सांगत की त्यांचे पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले असं घरात म्हणतात, पण कोणत्या राजाला भिऊन ते त्या जहाजात बसले होते, हे लिहून ठेवायला कोणाला सवड झाली नाही. एवढं सांगून ते टॅग उलटा करायचे आणि पुन्हा पिना मोजायला घ्यायचे.

त्यांच्या रजेच्या अर्जावर एकदा मी 'बिरड्याचा सण' असं कारण वाचलं. वालाचं बिरडं माझ्याही जिवाभावाचं. ज्यांच्यात बिरड्याचा सण असतो ती माणसं थोर, असं म्हणून मी पाव किलो पेढे घेतले आणि त्यांच्या अंधेरीच्या घरी गेलो. दार काकांनी उघडलं. दाढी वाढलेली, पाय अनवाणी. आत खुर्च्या भिंतीशी सारलेल्या आणि काकू, म्हणजे त्यांची बायको हन्ना, जमिनीवर बसून मोड आलेले वाल सोलत होत्या. दोघांच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. देऊळ पडल्याचा तो दिवस. एकदा बाबेलच्या राजानं पाडलं, पुन्हा बांधलं ते रोमच्या सैन्यानं पाडलं, आणि दोन्ही वेळा तारीख तीच, असं ते मानतात. त्या दिवशी त्यांच्यात एकमेकांची खुशालीसुद्धा विचारत नाहीत, आणि मी पेढ्यांचा बॉक्स पुढे करून दारात उभा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र हसल्या. म्हणाल्या, पेढे राहू देत, बस आणि वाल सोल, हात तरी कामाला येतील. काका भिंतीला टेकून विलापगीत वाचत होते, मराठीतून, हळू आवाजात. उजाड झालेल्या नगरीचं ते गाणं. अंधार पडल्यावर उपास सुटला, केळीच्या पानावर बिरडं वाढलं आणि त्यानंतर दर वर्षी त्या संध्याकाळी एक पान माझं ठरून गेलं.

काका निवृत्त झाले होते, आणि काकूंनंतर घरात ते एकटेच उरले. मुलगा योना कधीच इस्राएलला गेला होता, अश्दोदला. बहीण गेली, भाचे गेले, इमारतीतली इतर तीन घरं गेली. योना दर रविवारी फोन करून म्हणायचा, बाबा, या आता. काकांचं उत्तर ठरलेलं: "येईन रे. पण मी दहावा आहे."

ते दहावं प्रकरण असं. साकीनाक्याच्या पलीकडे त्यांचं एक लहानसं प्रार्थनाघर आहे. काका जुन्या रीतीनं त्याला मशीदच म्हणत. तिथे पूर्वेच्या भिंतीत एक लाकडी पेटी आहे आणि तिच्यात हातानं लिहिलेली धर्मशास्त्राची गुंडाळी. शनिवारी ती बाहेर काढून वाचायची, पण त्यासाठी दहा ज्यू पुरुष हजर लागतात. नऊ असले तर पेटी उघडत नाहीत. कधीकाळी तिथे बसायला बाकं पुरत नव्हती म्हणे. काकूंनंतरच्या वर्षांत मोजून दहा येत होते, आणि काका त्यातले एक. ते विमानात बसले असते तर मागे नऊ राहिले असते.

मग त्यातलेही एक जण मुलीकडे इस्राएलला गेले आणि नऊच राहिले. ठाण्याला त्यांची पुष्कळ माणसं आहेत, पण त्यांची तिथे आपली मशीद आहे. ती सोडून दर शनिवारी इकडे कोण येणार?

काकांचे गुडघे तोवर गेले होते. शनिवारी ते वाहनात बसत नसत, म्हणून मी त्यांना धरून चालवत नेऊ लागलो. मागच्या बाकावर टोपी घालून बसायचो. माणसं बोटानं मोजायची नाहीत असा त्यांच्यात रिवाज आहे. प्रार्थना सांगणारे जेकबमामा दहा शब्दांचं एक वचन म्हणत, एकेका माणसाकडे बघून एकेक शब्द, आणि नवव्या शब्दाला थांबत. मग सगळे दाराकडे बघत बसायचे. शनिवारी फोनही करायचा नाही. बाहेर खुर्ची टाकून बसलेला बंदोबस्ताचा हवालदार आत डोकावून विचारायचा, "झाले का दहा?" कोणी नाही म्हणून मान हलवायचं. साडेदहाला जेकबमामा पुस्तक मिटायचे, ज्याची त्याची प्रार्थना ज्यानं त्यानं मनात म्हणायची, आणि पेटी बंदच राहायची.

एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, मी आहे की दहावा. मला काय करायचं ते शिकवा ना."

"तू येतोस हे माझ्यावर उपकार आहेत रे," ते म्हणाले, "पण मोजताना तुला धरता येत नाही."

मला लागलं ते. वीस वर्षं त्यांच्या पानात जेवलो होतो. दोन दिवस मी त्यांना फोन केला नाही आणि तिसऱ्या दिवशी माझीच मला लाज वाटली.

शुक्रवारच्या चिठ्ठीची कल्पना त्यांचीच. मरोळला विमानतळ जवळ, त्यामुळे मोठमोठी हॉटेलं रांगेनं उभी. जगभरची माणसं तिथे एक-दोन रात्रींसाठी उतरतात. त्यांत एखादा आपला असणारच, असा काकांचा हिशेब. चिठ्ठी त्यांनी मराठीत सांगितली, मी इंग्रजीत टाइप केली: 'आपण ज्यू असाल तर उद्या सकाळी नऊ वाजता या. आम्ही नऊ आहोत.' खाली पत्ता.

इस्त्रीचा शर्ट घालून ते दर शुक्रवारी दुपारी पाच हॉटेलं फिरायचे. दारावर बॅग तपासून घ्यायचे, रिसेप्शनपाशी उभे राहायचे. पाहुण्यांचा धर्म आम्ही विचारत नाही सर, असं जवळपास सगळीकडे ऐकवलं जाई. एका ठिकाणी सुरक्षारक्षकानं त्यांना अर्धा तास बसवून ठेवलं. मी सोबत असलो की मला कानकोंडं व्हायचं. हा काटेकोर माणूस, ज्याच्या सहीशिवाय आमची एक पिन गेटबाहेर जात नसे, तो पोरासोरांपुढे हात जोडून उभा राहतो हे मला बघवत नसे. ते मात्र चिठ्ठी काउंटरवर ठेवून म्हणायचे, "ठेव बेटा. कोणी विचारलं तर दे." जवळजवळ वर्ष झालं. कोणीही आलं नाही.

योनानं मला फोन करून गळ घातली की तूच समजाव आता. मलाही ते पटत होतं. पुढच्या बिरड्याच्या संध्याकाळी आम्ही दोघंच होतो, दोनच पानं. मी सरळ विचारलं की दहा होते तेव्हा थांबलात ते समजलं, आता नऊच आहेत, पेटी तशीही उघडत नाही, मग कोणासाठी थांबलाय?

त्यांनी पानावरचा शेवटचा वाल बोटानं गोळा केला. मग म्हणाले, "पारसच्या कोरेश राजानं बाबेल घेतलं आणि आम्हांला सांगितलं, जा आपापल्या घरी. सगळे गेले असं वाटतं तुला? नाही गेले. गेले त्यांची यादी आहे शास्त्रात, घराण्यांसकट. राहिले त्यांची नाही. घरं बांधली होती, म्हातारे होते, कोणाची बायको तिथल्या मातीत होती. त्यांनीही शनिवार पाळलाच असेल ना? कोणीतरी नऊ जणांजवळ दहावा म्हणून थांबलाच असेल. माझी हन्ना इथे आहे रे. मी कुठे जाऊ?"

मी योनाला दुसऱ्या दिवशी कळवलं की बाबा येणार नाहीत आणि यापुढे मला सांगू नकोस.

त्यानंतर दीडेक महिन्यानं, एका शनिवारी, जेकबमामांचं वचन नवव्या शब्दावर थांबून वीस मिनिटं झाली होती. बाहेर टॅक्सी थांबली. हवालदाराशी कोणीतरी इंग्रजीत बोललं आणि चाळिशीचा, सुटातला एक माणूस आत आला. हातात आमची चिठ्ठी. शनिवारी टॅक्सीत बसू नये हा नियम त्या दिवशी एकालाही आठवला नाही. कोणी त्याला टोपी दिली, कोणी शाल. काकांनी त्याला विचारलं, कुठले आपण?

तो म्हणाला, राहतो लंडनला, पण आजोबा बगदादचे, जुन्या बाबेलच्या जवळचे. तिथून निघाले ते तरुणपणी, नाइलाजानं. त्यांच्या घरात सांगायचे की आम्ही इथे बाबेलच्या राजाबरोबर आलो आणि नंतर कधी परत गेलोच नाही.

काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. पेटी त्या माणसानंच उघडावी असं त्यांनी खुणेनं सांगितलं. दाराच्या बिजागऱ्या कुरकुरल्या, गुंडाळी बाहेर आली, जेकबमामांनी वाचायला सुरुवात केली आणि ते संपेपर्यंत काका उभे होते, त्या गुडघ्यांवर. ते रडत होते आणि डोळे पुसत नव्हते. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी मीही रडलो. तो माणूस दुपारच्या विमानानं गेला. त्याचं नाव विचारायचंही आमच्या लक्षात राहिलं नाही.

घरी येताना काका रस्त्यात दोनदा थांबले. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा म्हणाले, "बघ सत्या, यादीत नसलेला आला."

पुढचा शनिवार पुन्हा नऊचा. त्याच्या पुढचाही. शुक्रवारची फेरी त्यांनी चुकवली नाही, हिवाळा संपेपर्यंत. मग एका सकाळी दूधवाल्यानं मला फोन केला की काका दार उघडत नाहीत. ते झोपेतच गेले होते. योना आला. दफनाला ठाण्याहून माणसं आली, लागत होती त्याहून कितीतरी जास्त. हन्नाकाकूंच्या शेजारी त्यांना जागा मिळाली. योनानं घराची चावी माझ्याकडे दिली आणि आठवड्यानं परत गेला. मला करमेना. शनिवारी सकाळी तयार होऊन बसायचो आणि कुठे जायचं नाही हे मग लक्षात यायचं. खूप माणसं आहेत आयुष्यात, पण इतकं एकटं मला वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं जेकबमामांचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग चाचरत विचारलं, ती चिठ्ठी तुझ्याकडे आहे का रे?

होती. मी ती कॉम्प्युटरवर उघडली, एक आकडा बदलला, पाच प्रती काढल्या आणि शुक्रवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. तिसऱ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर एक मराठी मुलगी होती. तिनं चिठ्ठी घेतली, वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"सर, आधी नऊ होते ना?"

मी म्हटलं, हो. आता आठ आहेत. दोघं मिळाले तर बघा.