गिरजाबाईंनी पुजलेला पासपोर्ट

नवी वस्तू गिरजाबाईंच्या नजरेला पडली, की ती पुजल्याशिवाय त्यांना चैन नसे. मग ती कुणाची का असेना! शेजाऱ्याची मोटारसायकल, अंगणवाडीतला वजनकाटा, काहीही. एकदा मी नवा लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसलो होतो, तर बाई समोरून आल्या आणि झाकणावर ओल्या हळदीची पाच बोटं उमटवून मोकळ्या! मी केवढ्यानं ओरडलो.

"वरडता काऊन भाऊ? आता पाहा, कसा इमानदारीनं चालते."

चालतोय अजून!

ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात बाई तलावातली मासळी विकायच्या. नवरा ऐन उमेदीत गेला. एकुलत्या एका वैशालीला त्यांनी मासळीच्या पाटीवर नर्स केलं. विधवेनं कुंकवाला हात लावलेला काही बायांना खटके, त्या कुजबुजत. गिरजाबाई भर चौकात म्हणायच्या, "वस्तूले काय मालूम, माया नवरा जिता हाय का मेला?"

वैशाली लग्न करून मस्कतला गेली. तिथेच तिला दिवस गेले. तिला सासू नाही, नवऱ्याला रजा नाही आणि डॉक्टरनं प्रवासाला साफ मनाई केलेली. फोनवर पोरगी रडली तेव्हा बाई म्हणाल्या, "पोरगी माहेरी येऊ शकत नाई, त माहेरालेच जा लागन ना!" ज्या बाईनं नागपूरही धड पाहिलं नव्हतं, तिनं पासपोर्ट काढला. कागदपत्रांसाठी तिच्याबरोबर मीच हेलपाटे घातले. पासपोर्ट हातात देताना बजावलंही, "बाई, याला जिवापाड जपा." तिथेच माझं चुकलं, कारण जपायची त्यांची रीत एकच होती.

नागपूरच्या विमानतळावर मी पास काढून त्यांना काउंटरपर्यंत सोडायला गेलो. तिथल्या मुलीनं पासपोर्ट उघडला आणि तिचा चेहराच बदलला. फोटोचं पान पिवळंलाल झालं होतं. दसऱ्याला मासळीच्या जाळ्याशेजारी मांडून बाईंनी त्याची साग्रसंगीत पूजा केली होती. ओलं असतानाच मिटून ठेवला, पानं चिकटली. मग ती ओढून सोडवताना फोटोखालच्या ओळी सोलून निघाल्या.

"अहो, वरून लावायचं होतं ना! आत कशाला?" मी भडकलो.

"दाराले कुंकू लावलं अन् घर कोरडं ठेवू काय?"

त्या मुलीला हसू आवरेना, पण मशीन काही केल्या पासपोर्ट वाचेना. तिनं वरिष्ठांना बोलावलं. त्यांनीही मान हलवली. गिरजाबाईंनी हात जोडले, "बाई, पोरगी अवघडली हाय वं माई. एकटी हाय. जाऊ दे ना." मुलगी पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत राहिली.

बाई बॅगेवर बसल्या. वैशालीला फोन लावला. "रडू नोको. थोडी देर लागन, पन मी येऊन राह्यली. तू घाबरू नोको." आवाज अगदी खणखणीत. फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून अशा रडल्या की माझा राग कुठल्या कुठे गेला.

नवा पासपोर्ट, नवा व्हिसा. त्यात दिवस जायचे ते गेलेच. तेवढ्यात बाळ झालं. खबर आली तेव्हा बाई बाजारात झिंगे तोलत होत्या. सगळ्या बाजारानं आनंद केला. वर हळहळही, "नातवाचं तोंड पाहाले उशीर झाला बाप्पा!" बाई झिंगे तोलतच राहिल्या. नव्या पासपोर्टला त्यांनी हातही लावला नाही. "तुमच्यापाशीच ठेवा भाऊ. माया हाताचा भरोसा नाई."

या खेपेला विमान मिळालं. दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला. बाळ जावयाच्या मांडीवर टाहो फोडत होतं, आणि आजी चक्क पाठ फिरवून वैशालीच्या पायांना तेल चोळत बसली होती.

"अहो बाई, नातवाला घ्या की आधी!" मी म्हणालो.

बाईंनी मान वर केली नाही.

"त्याची माय त्याच्यापाशी हाये ना भाऊ. माया लेकराची माय आत्ता पोचली."