वाडी मोडली ते साल

आमच्या घरामागची भाजीपाल्याची वाडी मोडाची का ठेवाची, हे ठरवाले त्या दिवशी सगळे ओसरीवर बसले होते. मधात मामाजी, म्हणजे माहे सासरे. एका बाजूले माहे मालक, दुसऱ्या बाजूले धाकटा दीर, अन् पायरीवर आमचा सालदार, वर्षाच्या बोलीनं राहणारा म्हातारा गडी. सासूबाई कधीच्याच वारल्या होत्या, म्हणून घरची बाई म्हणून मी दाराआड उभी. सगळ्यांले विचारलं. सालदाराले विचारलं, मलेही विचारलं. विचारलं नाही ते माह्या मोठ्या नणंदेले, जिची ती वाडी होती. ती मागं परसात लसूण खणून राहिली होती.

कापसाचा भाव चढून राहिला होता. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, आता विलायतेले वऱ्हाडाचाच कापूस पायजे, असं अमरावतीचे दलाल सांगत. आमाले त्यातलं काय समजते बाप्पा! आमाले दिसे ते एवढंच, का भातकुलीपासून आमच्या गावापर्यंत जो तो ज्वारी कमी करून कापसाची पऱ्हाटी पेरून राहिला. लोकायनं धुरे, म्हणजे वावराचे बांध पेरले, पांदणीच्या वाटेची कड पेरली. आमच्या घरी वावरात जागा उरली नाही, तवा मामाजीची नजर परसावर गेली.

"सूनबाई, भाजी बजारातून आणली तर तुमाले चालन का?" मामाजीनं दाराकडं तोंड करून विचारलं.

मी म्हणलं, "चालन जी."

खोटं काहून सांगू? मले तवा आनंदच झाला होता. रोज सांजच्याले विहिरीवरून त्या वाडीले पाणी घाला लागे, अन् ते घालाचं कोणी, तर मी. नणंदबाई उभी राहून सांगे, इकडं घाल, तिकडं नको, वांग्याच्या बुडाले घाल, पानावर नको. माहे हात दोरानं सोलून निघत. मी सोळा-सतरा वर्षांची, नाकावर राग. म्हणलं, मरू दे ती वाडी, सुटली पिडा. तिले बोलवा, तिले विचारा, एवढं म्हणाले काय लागत होतं? पण मी तेवढं म्हणलं नाही.

नणंदबाई एकोणीस वर्षांची होती तवा तिचा नवरा गेला अन् ती बापाच्या घरी परत आली. मामाजीनं पाट लावून द्याचं म्हणलं, तिनं होकार देला नाही. घरामागं केरकचरा टाकाची जागा होती. तिनं तिथले गोटे वेचले, शेणखत टाकलं, काट्याचं कुंपण केलं. माहं लग्न झालं तवा त्या जागेत वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, गवार, वाल, दोडके, कोहळे, काय नव्हतं! पाणकळ्यात घरात दमडीची भाजी विकत येत नव्हती. गवार उकडून वाळवलेली, वांग्याच्या फोडी वाळवलेल्या, कोहळ्याचे सांडगे, सगळं मडक्यात भरेल. कडेच्या अंबाडीची भाजी खाल्ली का उरल्या काड्या भिजवून तिचे बैलाले दोर. राखेत घोळून लसूण आढ्याले टांगेल. कोणाच्या लेकराचं पोट दुखलं तरी बाया तिच्याच दारी येत, ओवा द्या म्हणून. विधवा पोरगी बापाच्या घरी बसून खाते असं कोणाच्या तोंडून निघालं नाही, ते ह्या वाडीच्या जोरावर. तिचा घरातला मान तेवढ्यावर होता, अन् ते मले ठाऊक होतं.

तिले सांगतलं ते वखर जुपाच्या दिवशी. तिनं हातातली लसणाची जुडी खाली ठेवली.

"बाबा, आठ रोज थांबा," ती म्हणली. "दोडक्या-कोहळ्याचं बी धरून घेतो."

मामाजी थांबले. वाईट माणूस नव्हता तो. कापसाच्या भावानं भल्याभल्यायचं डोकं फिरवलं, तसं त्यायचंही फिरवलं. आठ दिवस ती वाडीत उकिडवी बसून बी काढत राहिली. मग ताज्या शेणात राख कालवून त्याच्या चपट्या थापट्या केल्या, एकेकीत बी दाबलं अन् गोठ्याच्या मागच्या भिंतीले ओळीनं थापून दिल्या. असं ठेवलं का बियाले कीड लागत नाही. माह्या माहेरी, अकोल्याकडं, बी मडक्यात राखेत ठेवत. मी विचारलं, "हे कशाले, बाई? आता वाडीच नाही."

"भेटन कुठंतरी वावभर जागा," ती म्हणली. "विहिरीच्या बुडाशी मागतो बाबाले, येत्या साली."

मग वखर फिरला. फुलावर आलेली वांगी होती. बैलाच्या पायाखाली मिरच्या गेल्या. ती पाहाले आली नाही, घरात जात्यावर बसली अन् दळत राहिली. भादव्यात पऱ्हाटी मागच्या दाराशी येऊन टेकली. दार उघडलं का पानं अंगाले लागत.

त्या साली पैसा आला, नाही कोण म्हणते? पण जेवण बिघडलं. ज्वारी महागली, भातकुलीच्या बजारातली भाजी दोन दिवसांची शिळी. लसूण विकत, ओवा विकत, मिरचीही विकत. मामाजीच ताटावर कुरकुरू लागले, का भाजीले चव नाही. आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोलता कोणाले?

नणंदबाईले घरात काम उरलं नाही. जातं होतं, पण दळणाले एक बाई लावली होती, पैसा आला होता ना! ती कापूस वेचाले मजुरायसंग जाऊ लागली. मालकायनं एक डाव म्हणलं, का लोक काय म्हणतीन, पाटलाची पोरगी मजुरायत? मग तेही बंद झालं. ती सगळ्यायच्या मागून जेवाले बसे, अर्धी भाकर खाये अन् हात धुये. "घ्या ना बाई अजून," मी म्हणो. "भूक नाही व," ती म्हणे. मले तिचा रागच ये. वाटे, ही मुद्दाम करते. घरात इतकं आलं अन् हिचं तोंड पडेल काहून?

आता सांगतो ते सांगाले माही जीभ आजही उचलत नाही.

दिवाळीनंतरची वेचणी चालू होती अन् अवकाळी पाणी आलं. वेचणाऱ्या वीस बायायच्या भाकरी मले टाकाच्या होत्या. सरपण ओलं, गोवऱ्याचा हुडवा ओला, चूल धूर करून राहिली अन् डोळ्यातून पाणी. मी चडफडत गोठ्यामागं गेली. छपराच्या पाखीखाली भिंतीले त्या बियाच्या थापट्या कोरड्या ठणठणीत. ओढल्या भराभर, टोपलं भरलं. माहीत नव्हतं म्हणीन तर माह्या तोंडात किडे पडतीन. माहीत होतं. पण तवा डोक्यात एकच, का चूल पेटली पायजे, अन् ह्या बियाचं आता कोण काय करते!

चूल पेटली. दोन भाकरी झाल्या अन् आतून बी तडतडू लागलं. एक उडून परातीत पडलं. नणंदबाई माजघरातून आली. चुलीकडं पाहिलं, टोपल्याकडं पाहिलं. खाली बसली अन् चिमटा न घेता जळती थापटी हातानं ओढाले गेली. बोटं भाजली. हात तसाच पदरात धरून बसली.

मी म्हणलं, "बाई, सरपण ओलं होतं..."

ती म्हणली, "भाकर करपून राहिली. पलट."

त्यावर एक शब्द बोलली असती, मले चार शिव्या दिल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते. तिनं बोलूच दिलं नाही. मी भाकर पलटली.

पंधरा दिवसांनी तिची मावशी अमरावतीहून आली, तिच्यासंग ती निघाली. तिकडं एका व्यापाऱ्याच्या घरी दळणकांडणाले बाई पायजे होती. मामाजी ओसरीवरून ओरडले, "इथं काय कमी आहे तुले?"

"काई कमी नाही, बाबा," ती म्हणली, अन् गाडीत बसली. मामाजी गाडीमागं वेशीपर्यंत गेले.

तिकडची लढाई संपली अन् भाव आला तसा गेला. बडनेऱ्याले आगगाडी लागली, तिच्यात कापूस जाये, पण पहिल्यासारखा पैसा नव्हता. मागच्या दाराची पऱ्हाटी मी स्वतः उपटली. बी या घरून त्या घरून मागून आणलं, थोडं माहेरून आणलं. कुंपण केलं, पाणी मीच घातलं, कोणी सांगाले नव्हतं. दोन डाव निरोप धाडला, का बाई, वाडी उभी राहिली, या. ती आली नाही.

आली ते मामाजी अंथरुणाले खिळले तवा. केस पांढरे झाले होते, चाळिशीही नव्हती गाठली तिनं. बापाच्या उशाशी बसली, त्याचं सगळं केलं. मामाजी तिचा हात सोडत नव्हते. मले वाटलं, आता राहीन ही. मी मनातल्या मनात कुठं काय लावाचं तेही ठरवून ठेवलं, का हे तिच्या हाती देऊ, ते तिच्या हाती देऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजीनं ठेचा मागतला. ती मागच्या दारातून वाडीत गेली. मी भांडे घासून राहिली होती. पाहतो तर ती मिरचीच्या झाडाशी उभी, हात मागं धरेल.

"वहिनी," तिनं हाक मारली, "दोन मिरच्या तोडू का?"

मी भांडे तसेच टाकून उठली. मी रडतच म्हणलं, "बाई, मले काहून विचारता? तुमचीच आहे ना वाडी!"

ती हसलीही नाही अन् रागावलीही नाही. बजारात कोणी अनोळखी बाई उभी राहते तशी उभी राहिली, मी हो म्हणीन याची वाट पाहत. मी दोनदा म्हणलं, तुमचीच आहे. तिचा हात मागून पुढं आला नाही. शेवटी मले म्हणा लागलं, "घ्या."

तवा तिनं मिरच्या तोडल्या.