ही रेघ कशाची?

वैजयंती रेघ मारायची तेव्हा श्वास धरून ठेवायची. रेघ लांब असली की शेवटाला पोचेपर्यंत छाती भरून यायची, पण हात हलायचा नाही. बेलापूरला नव्या शहराचे नकाशे जिथं तयार होत, त्या कचेरीत ती ट्रेसर होती. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा, चारी कोपरे चिकटपट्टीनं बसवायचे आणि खाली दिसेल ती रेघ वर काळ्या शाईनं उतरवायची, एवढंच काम. वाशीच्या, कोपरखैरण्याच्या कितीतरी इमारती आधी तिच्या हाताखालून गेल्या होत्या आणि मग जमिनीवर उभ्या राहिल्या होत्या.

एवढ्या वर्षांत तिची एकच चूक सगळ्यांच्या लक्षात राहिली होती. एक नकाशा घडी पडून आला होता. घडीची करडी खूण कागदातून वर दिसली आणि वैजयंतीनं तीही इमानेइतबारे शाईत गिरवली. छापून आलेल्या प्रतीत न्हाणीघराच्या बरोब्बर मधून भिंत गेली होती. हेड ड्राफ्ट्समन नंदकुमार साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते, "आंघोळ कुठं करायची म्हणे? भिंतीच्या अलीकडं की पलीकडं?" तेव्हापासून कुठल्याही नकाशात काही जादा निघालं, की त्याला 'वैजयंतीची भिंत' म्हणायची पद्धत पडली. ती हसून सोडून द्यायची.

सत्त्याऐंशी साली तिनं वाशीतल्या एका संस्थेच्या संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलं. अभ्यासक्रम चार वर्षांचा. डिप्लोमा झाला तर तिला ड्राफ्ट्समनची जागा मिळणार होती. म्हणजे दुसऱ्याचं गिरवायचं नाही, स्वतः काढायचं. पण त्या जागेला वयाची अट होती. तिशी ओलांडली की दार बंद. वैजयंती सत्ताविशीत होती. साधा हिशोब होता आणि तो एका वर्षानं चुकत होता. नाव घातलं तेव्हाही तिला हे ठाऊक होतं. पुढचं पुढं बघू म्हणून तिनं पाय टाकला होता.

पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या तासाला तिचा जीव आंबून जायचा. पेन्सिल कशी तासावी, अक्षरं कशी काढावीत, जाड रेघ कुठली आणि बारीक कुठली. शेजारी कारखान्यांतून दमून आलेली मुलं टी-स्क्वेअरच्या लांब पट्टीशी झोंबत असायची. वैजयंतीचा कागद अर्ध्या तासात पुरा व्हायचा. मग ती खिडकीतून खाडीकडच्या अंधारात बघत बसायची, नाहीतर पोरांची अक्षरं सुधारून द्यायची. मुलं तिला मस्करीत 'मॅडम' म्हणायला लागली होती.

ड्रॉइंग शिकवणारे दिनानाथ सर कमी बोलणारे होते. एक दिवस तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवलं. ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करणाऱ्यांना पहिल्या वर्षाची सूट मिळू शकते, असं त्यांनी सांगितलं. दिवाळीआधी एक परीक्षा द्यायची. पास झालं तर थेट दुसऱ्या वर्गात. पुढचं कलमही त्यांनी त्याच आवाजात सांगितलं. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत नापास झालं तर नाव पटावरून जातं, आणि पहिल्या वर्षात परत घेत नाहीत.

वैजयंतीनं फक्त पहिला भाग ऐकला. वर्ष वाचत होतं. म्हणजे तिशीच्या आत हिशोब बसत होता.

कचेरीत नंदकुमारांनी बातमी ऐकल्याबरोबर निकाल लावून टाकला. "टेन्शन कसलं घेतेस? रेघ मारायला तुला काय शिकवणार ते?"

घरी मात्र वेगळंच झालं. तिचे वडील सिताराम तुर्भ्याच्या बाजूला एका रसायनांच्या कारखान्यात हेल्पर होते. मूळ गाव मंडणगडाकडचं. वाशीच्या एका खोलीच्या घरात मुलीच्या पुस्तकांसाठी त्यांनी स्वतःच्या हातानं फळी ठोकली होती आणि तिच्या अभ्यासाच्या वेळेला ते रेडिओ लावू द्यायचे नाहीत. ते खूश होतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी भाकरीचा घास हातातच ठेवला आणि सूट म्हणजे काय, ते पुन्हा सांगायला लावलं.

"म्हणजे वर्गात बसायचं नाय?"

"बसायची गरज नाही, बाबा. मला येतं ते सगळं."

सितारामांच्या लहानपणाची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण ती क्वचितच निघायची. गावच्या शाळेत त्यांच्या वाड्यावरच्या पोरांना आत घेत नसत. ती पडवीत बसायची. भिंतीपलीकडून गुरुजींचा आवाज यायचा; फळा दिसायचा नाही. ऐकून ऐकून सितारामांचे पाढे तीसपर्यंत पक्के झाले, कविता पाठ झाल्या. पण भागाकार मांडतात कसा, ते त्यांना मोठेपणी कारखान्यातल्या एका जोडीदारानं सिमेंटच्या पिशवीवर मांडून दाखवलं. तोवर भागाकार म्हणजे नुसताच आवाज होता.

"मी दारातनं आत जायला मिळावं म्हणून रडलोय, वैजू," ते म्हणाले. "तुला बाकावर जागा दिलीय, आणि तू न बसायची परवानगी मागायला निघालीस."

"तुम्हाला आत घेत नव्हते. मला बाहेर सोडत नाहीत. आणि त्यात माझं वर्ष जातं."

तिचा आवाज चढला नव्हता, तरी तिची आई स्टोव्हपाशी थबकली. सितारामांनी हात धुतला. पुढचे दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तास सुटल्यावर तिला न्यायला मात्र नेहमीसारखे येऊन संस्थेच्या फाटकाशी उभे राहायचे, आणि दोघं घरी चालत जायची.

वैजयंतीनं अर्ज भरला. सरांची सही घ्यायला गेली तेव्हा त्यांनी पेन उघडलं नाही. टेबलावर एक लाकडी ठोकळा ठेवला. त्याला एका अंगाला खाच होती, वरून एक भोक होतं. समोरून, वरून, बाजूनं, अशी तीन दृश्यं काढून दाखव म्हणाले.

तिनं कागद लावला. आणि हात थांबला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कागदाखाली काही नव्हतं. नुसता पांढरा कागद आणि पलीकडं तो ठोकळा. तिनं श्वास धरला आणि रेघा मारल्या. सुरेख आल्या. शेजारची दोन मुलं उठून बघायला आली.

सरांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग बाजूच्या दृश्यातल्या एका ठसठशीत, सलग रेघेवर त्यांनी बोट ठेवलं.

"रेघ छान आहे. कशाची आहे?"

तिला सांगता येईना. तिथं एक रेघ असायला हवी असं हाताला वाटलं होतं, म्हणून ती आली होती. सरांनी ठोकळा फिरवून तिच्या पुढं धरला. ती भोकाची कड होती, आतली, लाकडाआड गेलेली. डोळ्याला जी कड दिसत नाही, ती तुटक रेघेनं दाखवायची. वैजयंतीनं अशा तुटक रेघा हजारांनी गिरवल्या होत्या. त्या तुटक का असतात, हे तिला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. न्हाणीघरातली भिंत तिला आठवली, आणि या वेळी हसू आलं नाही.

सरांनी सांगितलं, सही हवी तर आत्ता करतो, विचार करायचा असेल तर सोमवारी ये. पहिलं वर्ष सोपं आहे, ते तुझ्या हाताला; नजरेला नाही. एवढंच पुढं म्हणाले.

त्या संध्याकाळी तिनं फाटकाशी उभ्या असलेल्या वडिलांना सगळं सांगितलं. ते जिंकल्यासारखं काही बोलले नाहीत. बरंच चालून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग बसतीस वर्गात?"

"नाही," वैजयंती म्हणाली. "परीक्षेला वेळ आहे अजून. वर्ग तिथवर पोचेपर्यंत वर्ष जाईल. मला माझ्या वेगानं शिकायचंय. पण शिकायचंय, हे तुमचं खरं."

सोमवारी तिनं सही घेतली. आणि त्याच आठवड्यापासून घरातली प्रत्येक वस्तू कागदावर येऊ लागली. स्टोव्ह, पाट, पाण्याची तोटी, देवळी. आईला चहा करायचा असायचा आणि स्टोव्हचं बाजूचं दृश्य अर्धं झालेलं असायचं. "तुझ्या तिसऱ्या बाजूपायी उपाशी ठेव आमाला," आई म्हणायची आणि शेजारणीकडं चहा टाकून आणायची.

रविवारी ती बोनकोड्याला गेली. गावाला लागून कोपरखैरण्याची नवी घरं उठत होती, आणि त्यातल्या एका ओळीचा नकाशा तिनंच गिरवलेला होता. सितारामही बरोबर निघाले. राखणीला गावातलीच शेवंताबाई होती. हातात काठी, कमरेला खोचलेलं लुगडं. बिनदाराच्या खोलीत कागद पसरून बसलेली मुलगी बघून ती उंबऱ्याशी आली.

"काय मापतंस गो पोरी? अजून दारं पन लागली नाय."

वैजयंतीनं सांगितलं, की हे घर तिनं कागदावर काढलेलं आहे, आता ते खरोखर कसं दिसतं ते बघतेय. शेवंताबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू काडलंस व्हय? हितं आमचं भात व्हायचं." मग काठीनं भिंतीच्या पायाकडं दाखवलं. "ह्यो बांध होता आमचा. तेच्यावरच उभी केलीय तुजी भित." रागानं नाही, जागा दाखवावी तशी ती बोलली, आणि सावलीला जाऊन बसली.

ती रेघ वैजयंतीला आठवत होती. जाड, सरळ, अडीच हात लांब, एका श्वासात मारलेली. त्या रेघेखाली बांध होता, हे कुठल्याच कागदातून वर दिसलं नव्हतं.

तिनं भिंतीला हात लावून पाहिला. मग कामाला लागली. या खोलीतून पलीकडच्या खोलीतला कोनाडा कुठं येतो, ते तिला उमगेना. तिनं वडिलांना पलीकडं जायला सांगितलं. सिताराम भिंतीआड गेले आणि कोनाड्याच्या कडेवर वाजवू लागले. इथं. आता इथं. ती आवाज येईल तिथं खूण करत गेली आणि तुटक रेघ मारत गेली.

"येतं का नीट ऐकू?" भिंतीआडून सितारामांनी विचारलं.

"येतं. अजून जरा खाली या."

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी तिचा कागद हातात घेतला. तुटक रेघेवरून बोट फिरवलं. "हा मी वाजवलेला?"

"हो. पलीकडं आहे, पण दिसत नाही, असं दाखवायचं असलं की रेघ तोडायची."

सितारामांनी मान हलवली आणि कागद फार जपून परत दिला. त्यानंतरचे रविवार ते स्वतःच आधी चप्पल घालून तयार असत.

परीक्षेत लोखंडी ब्रॅकेट आलं होतं, आतून पोकळ. वैजयंतीनं आधी ते हातात घेऊन सगळीकडून फिरवलं, पोकळीत बोट घालून पाहिलं, आणि मगच पेन्सिल उचलली. वेळ संपत आली तेव्हा एक दृश्य जरा घाईत झालं. रेघा तिच्या नेहमीच्या तोलाच्या नव्हत्या. तिनं त्या पुन्हा सुबक करायचा मोह आवरला आणि आतल्या कडा तपासत बसली. निकाल फळ्यावर लागला. पास झालेल्यांत तिचं नाव वरचं नव्हतं, पण होतं.

दिवाळी झाल्यावर ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गात गेली. तिथं तिला कुणी मॅडम म्हणालं नाही. पहिल्याच तासाला शिकवलेलं निम्मं डोक्यावरून गेलं, आणि सहामाहीची टांगती तलवार होतीच. तिनं जमलं तेवढं उतरवून घेतलं, राहिलेलं शेजारच्या मुलाला विचारलं.

तास सुटल्यावर सिताराम फाटकाशी नव्हते. जिना चढून ते वर आले होते आणि वर्गाच्या दारात उभे होते. कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगावर होता. आतले बाक ते एकेक करून बघत होते.

"कुठं बसतीस?" त्यांनी विचारलं.

तिनं बोटानं दाखवलं. डावीकडं, खिडकीजवळ, तिसरा बाक.

"फळा दिसतो तिथून?"

"दिसतो, बाबा," ती म्हणाली. "सगळा दिसतो."