बाबांचं गाणं टेप केलं तेव्हा

बाबांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करावंच लागेल आणि आवाज राहील याची खात्री नाही. एस.टी.नं आम्ही गावी, आसेगावला परत आलो. तेव्हा मी वाशीमला टेलिफोन एक्सचेंजात ऑपरेटर होते. कोणाचा बाप गेला, कोणाचं लग्न मोडलं, सगळं माझ्या कानावरून जायचं आणि मी पुढचा नंबर जोडायची. ती सवय घरीही लागली असावी. रडू येईल म्हणून वाट पाहिली, ते आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की ऑपरेशनच्या आधी बाबांचं गाणं टेप करून ठेवायचं.

बाबा शेती करायचे, पण आजूबाजूच्या गावांत त्यांची ओळख होती ती गायन पार्टीची. बुद्धपौर्णिमा असो की कोणाचं लग्न, बाबांची पार्टी हवीच. पुढे बाबा, बाजूला पेटी आणि ढोलकी, मागे झील धरणारे. झीलवाल्यांचं काम एकच, बाबांनी म्हटलेली ओळ उचलायची आणि बाबा पुढची ओळ घेईपर्यंत सोडायची नाही.

एक्सचेंजातल्या एका मैत्रिणीच्या भावाचा कॅसेटचा टेपरेकॉर्डर मागून आणला. ही फोनवर काम करते म्हणजे हिला वायरींचं सारं समजते, असं घरच्यांना वाटे. कप्पाळ समजत होतं! लाइटवर लावला तर टेपमध्ये नुसती घुंऽऽ भरायची, म्हणून सेल टाकले. टिनाखाली आवाज घुमायचा, म्हणून घरातल्या आणि शेजारच्या गोधड्या दोऱ्या बांधून भिंतींवर टांगल्या. माइकला स्टँड नव्हता. पायलीत ज्वारी भरली, तिच्यात चुलीची फुंकणी उभी खोचली आणि फुंकणीला माइक बांधला. ढोलकी सगळ्यांना गिळून टाकायची, तिला ओसरीत बसवलं. पेटीवाले काका सरकत सरकत माइकला येऊन चिकटायचे. शेवटी मी खेकसले, तेव्हा हलले.

झीलवाल्यांपैकी एक जण कापूस घेऊन कारंज्याला गेला होता. त्याच्या जागी मी आईला बसवलं.

"मले कायले बसवून राह्यली वं?"

"तुले सारी गाणी येतात म्हणून. बस चुपचाप."

बाबा कार्यक्रमाला घालायचा तो काळा कोट घालून आले. त्यांना मी बजावलं, "बाबा, डॉक्टरनं बोलू नका म्हटलं आहे. बटन दाबलं का एकदम गाणंच सुरू करा." त्यांनी मान हलवली. मी बटन दाबलं.

बाबांनी माइकला हात जोडले. "या ठिकाणी जमलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो..."

मी हातवारे केले. बाबा बघतील तर शपथ. त्यांनी वडीलधाऱ्यांची परवानगी मागितली. मशीन देणाऱ्याचे आभार मानले. कार्यक्रमाला जागा दिली म्हणून घरमालकाचे आभार मानले. घरमालक ते स्वतःच! माझी नजर कॅसेटच्या फिरत्या चाकांवर. इकडे फीत चालली होती, तिकडे गळा बसत चालला होता. मला राहवेना. "बाबा, गाणं!"

त्यांनी माइकवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "नमन झाल्याबिगर गाणं होते काय? अडाण्यावानी करू नको."

मग एकेका साथीदाराची ओळख. मी ऐकणंच सोडून दिलं.

एकदाचं गाणं सुरू झालं. पहिली ओळ नेहमीसारखी वर चढली. झीलवाल्यांनी ती उचलली. कडव्याला मात्र बाबांनी तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. हात वर, तोंड उघडं, आवाज नाही. झीलवाल्यांनी ओळ सोडली नाही. बाबा येईपर्यंत सोडायची नसते ना! म्हणत राहिले, म्हणत राहिले, माना खाली घालून. ढोलकीही थांबेना. शेवटी आईच उठली, ओसरीत गेली आणि तिनं ढोलकीवर हात ठेवला. मी बटन बंद केलं.

"उद्या पाहू," बाबा कुजबुजले. उद्या काही निघालं नाही, परवाही नाही. मग नागपूर. बाबा वाचले, आवाज गेला. दवाखान्याच्या बाकावर बसून मी डबा खाल्ला, चव लागली नाही. दुःखही झालं नाही. होती ती चीड. असला नसला सगळा आवाज ह्या माणसानं आभार मानण्यात घालवला! कॅसेट मी कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी टाकली.

पुढे मी स्वतःचा टेपरेकॉर्डर घेतला. एका दुपारी बाबा वावरात गेले होते. आई माझ्याजवळ येऊन बसली.

"ते आपलं टेप लाव ना वं."

"काय ऐकतं त्यात? गाणं तं नाहीच."

"गाणं नको. आंदी बोलले, थे लाव."

लावलं. बंधू झाले, भगिनी झाल्या, घरमालक झाले. पेटीवाले, ढोलकीवाले, झीलवाले, प्रत्येकाचं पूर्ण नाव. मग बाबांचा घोगरा आवाज म्हणाला, "आणि आज साथीला बसल्या आहेत आमच्या सौभाग्यवती," आणि किंचित थांबून त्यांनी आईचं नाव घेतलं. मी त्या दिवशी ते ऐकलंच नव्हतं. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. मला कळतं तेव्हापासून बाबा आईला 'अवं' म्हणूनच हाक मारत. आता तर तेवढंही त्यांच्या गळ्यात उरलं नव्हतं.

आईनं पदर सारखा केला. "ओ," ती मशीनला म्हणाली.

टेप पुढे चालली होती.

"मांगं घे," आई म्हणाली. मी मागे घेतली. पुन्हा नाव आलं, पुन्हा आईनं ओ दिली.

"अजून मांगं घे."

आणि मला बटन दिसेना.