खाणीतलं घराणं

स्कॉटलंडमध्ये चार वर्षं माशांची पैदास शिकून मी परत आले, तेव्हा डोळ्यांपुढे काय होतं सांगू? पांढरा कोट, काचेच्या टाक्या, टाकीटाकीवर वंशावळीचे कागद. आणि हातखंब्याजवळच्या आमच्या गावात मिळालं काय? काकांचं एक तळं, प्लास्टिकच्या दोन बादल्या आणि रोज संध्याकाळी बांधावर येऊन बसणारी म्हैस.

पण माझा उत्साह असा की म्हशीलाही मी आनुवंशिकता समजावली असती. त्या उत्साहाने माझी जी काही शोभा केली, ती आता तुम्हाला सांगतेच. हसायचं असेल तर चहा खाली ठेवा.

काका म्हणाले, "एक हंगाम तळं तुझं. होळीपर्यंत काहीतरी करून दाखव. नाहीतर बुजवून आंब्याची कलमं लावणार."

तळ्यात गोड्या पाण्यातली जंबो कोळंबी होती. माझा बेत साधा होता. दर पिढीत चांगल्यांतून चांगले आई-बाप निवडायचे, म्हणजे औषधं न ओतता दणकट जात इथेच तयार होईल. गणपती झाल्यावर जाळं ओढलं. काही नर लांब निळ्या नांग्यांचे, चांगले दांडगे. आणि पुष्कळसे बोटाएवढे! सगळे एकाच दिवशी सोडलेले, खाणंही तेच. मग फरक रक्तातलाच, नाही का? मी मोजपट्टी घेऊन बांधावर बसले आणि एकेकाला पास-नापास करू लागले.

"स्वतःचं जमवायचं नाव नाही, कोळंब्यांची स्थळं बघत्येय," काकू म्हणाली.

नापासांची बादली मी बाबलभाऊंकडे दिली. ते तळ्याची राखण करायचे. "ही खराब घराण्यातली. टाकून द्या. पुढच्या पिढीत यांचं रक्त नको."

बाबलभाऊंनी बादलीत पाहिलं, मग माझ्याकडे. "सगळी?"

"सगळी."

ते बादली उचलून चालू लागले. माझ्यापुढे तेव्हा कोणी फारसं बोलतच नसे. मला वाटायचं, लोकांना पटतंय.

थंडी पडली आणि एका सकाळी बाबलभाऊंची बायको, सुलभावहिनी, वानवळा घेऊन आली. आमच्याकडे कोणाचं काही पहिलं निघालं की थोडं शेजारी पोचतंच. तिने पातेल्यावरचं केळीचं पान काढलं, तर आत निळ्या नांग्यांचे सहा राक्षस. माझ्या तळ्यात तोवर दोन दादा माजले होते आणि बाकीची निवडक मंडळी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. हे सहा तर त्या दादांनाही भारी.

"वहिनी, यांचे आई-बाप कुठले?"

"आं?"

"मूळ ठिकाण. घराणं. कुठून आणलीत? खरं सांगा, फार महत्त्वाचं आहे."

माझा चेहरा तेव्हा कसा दिसत होता कोण जाणे. वहिनीने पदर सावरला, दाराकडे पाहिलं. "म्हायेरच्या... नदीतली हायत."

झालं. रानटी वंश, तोही आपल्या जिल्ह्यात! दुसऱ्या दिवशी मी संगमेश्वराकडे, वहिनीच्या माहेरी. तिच्या भावाला जाळं देऊन कमरेभर पाण्यात उभं केलं. तीन दिवसांत मिळालं काय, तर मूठभर चिंगळं, एक खेकडा आणि कोणाची तरी चप्पल.

तिसऱ्या दिवशी भाऊ काकुळतीने म्हणाला, "ताई, तुमचं नक्की हरवलंय काय?"

मी खचले नाही. रत्नागिरीच्या सायबर कॅफेत जाऊन स्कॉटलंडच्या सरांना कळवून टाकलं, असाधारण वंश सापडला आहे. काकांना सांगितलं. काकांनी ग्रामपंचायतीत सांगितलं. कलमांची ऑर्डरसुद्धा थांबवली.

आठवडाभराने वहिनी मागच्या दारी आली. पुढे काकू, मागे ती.

"ताई, रागवायचं नाय. ती तुमचीच हायत."

"माझी काय?"

"तुम्ही टाकाया सांगितलीत ना, तीच. जिती जनावरं कशी टाकायची? ह्यांनी मागच्या चिरेखाणीत सोडली, पावसाचं पाणी होतं तिथं. मी रोज भात नि पेंड टाकायची. तुम्ही कुठून आणलीत विचारलंत, मला वाटलं चोरीचं विचारताय."

मला काही कळेना. "पण ती लहान होती. रक्तातच..."

"मोठ्यांबरोबर होती तोवर लहान होती," काकू म्हणाली. "शेजारी दांडगा असला की बारकं खात नाही गो. तुझे बाबा मुंबईला गेले, त्यानंतरच तुझे काका अंगाने भरले."

आत बसलेल्या काकांनी पेपर थोडा वर धरला.

मी धावत जाऊन ट्रंक उघडली. दुसऱ्या वर्षाची वही. माझंच अक्षर, लाल शाई, बाजूला तीन चांदण्या: 'या कोळंबीत मोठ्या नरांच्या धाकाने लहान नर खुंटतात. मोठे काढले की वाढतात. नुसत्या आकारावरून वंश ठरवू नये.' या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. शिकवणारे सर तेच, ज्यांना मी ईमेल केली होती. त्यांनी नदीचं नाव विचारलंय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

"खाणीचं वाडीत सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"तू आणि तुझे काका सोडून," काकू म्हणाली. "म्हशीलासुद्धा."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

वहिनी माझ्या हातातल्या मोजपट्टीकडे बघत राहिली.

काका पेपरामागूनच म्हणाले, "तळं राहू दे. पण जाळं आता सुलभा ओढेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही आणि मोजपट्टी वहिनीच्या हातात दिली. आधी दांडगे बाजूला काढायचे, बाकीच्यांना वाढू द्यायचं, निवड त्यानंतर. आणि सुरुवात लगेच करायची असंही ठरवलं. तळ्यावरची सगळ्यात मोठी नांगी, म्हणजे मी, पिशवी भरून, आठ दिवसांसाठी, मालगुंडच्या मावशीकडे जाणाऱ्या एसटीत बसली.