हेड ऑफिस म्हणजे मीच

‘हा दावा नांदेडला चालतच नाही, परत करा,’ असा अर्ज फायनान्स कंपनीच्या वकिलांनी दिला, तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं आणि बळीरामभाऊंचा हार्वेस्टर कंपनीच्या यार्डात कुलपात उभा होता. हार्वेस्टर वर्षभर कमवत नाही, काढणीच्या दिवसांत कमवतो. कोर्टाच्या पायरीवर भाऊ रोज आभाळाकडं बघायचे. मी त्यांची वकील, मलाही बसवत नव्हतं.

गुन्हा काय? नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या या माणसानं फायनान्सवर घेतलेलं मशीन कापणीसाठी देवणीला नेलं. देवणी लातूर जिल्ह्यात, आणि करारात लिहिलेलं, परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर न्यायचं नाही. शाखा मॅनेजर फोनवर ‘जावा की’ म्हणाला होता. नंतर साफ फिरला, आणि कंपनीनं मशीन उचलून नेलं. त्याच करारात पुढचं कलम होतं: वाद झाला तर फक्त चेन्नईच्या कोर्टात. म्हणजे मशीननं शेजारच्या जिल्ह्यात जायचं नाही, माणसानं मात्र भांडायला चेन्नई गाठायची. कॉलेजात मी पत्रकं लिहायचे, तेव्हा हे वाक्य जाड टाईपात टाकलं असतं. कोर्टात जाड टाईप चालत नाही.

माझ्या सिनियरांनी फाईल चाळून सरकवली. “सही केलीय त्यानं. अशी कलमं कोर्ट मानतं, मॅडम.”

मानतं, पण एका अटीवर. ज्या कोर्टांना मुळात अधिकार आहे, त्यांतलं एक करारानं निवडता येतं. ज्याला अधिकारच नाही, त्याला तो करारानं देता येत नाही. शाखा नांदेडला, व्यवहार नांदेडला, तर चेन्नईत नुसतं हेड ऑफिस असून भागत नाही. व्यवहारातलं काहीतरी तिथं घडलेलं लागतं. कंपनीनं शपथेवर सांगितलं की घडलं: कर्जाची मंजुरी आणि करारावरची कंपनीची सही, दोन्ही चेन्नईत झाली.

खोटं आहे हे मला दिसत होतं. दाखवणार कसं?

मी भाऊंना विचारलं, कंपनीची सही कुणी केली, कुठं केली. ते वैतागले. “म्या मशीनला हार घालून राहिलतो. सहीकडं कोण बघतंय?”

“म्या बघितलं,” शेजारून सुमनवहिनी म्हणाल्या. त्या भाऊंच्या मालकीणबाई. “शूटिंग केली की. तवा हेच वरडले, मोबाईल ठेव अन् ताट धर.”

नवीन मशीन घरी नेण्याआधी आपल्याकडं पूजा होते. ती नांदेडला शाखेच्या दारातच झाली होती. व्हिडिओत मॅनेजर टोपी घालून, कपाळाला कुंकू लावून, मशीनवरच कागद ठेवून सही करत होता. कुणीतरी मागून विचारलं, हेड ऑफिसला पाठवायचं नाही का? मॅनेजर कॅमेऱ्याकडं बघून हसला. “हेड ऑफिसचं काय काम न्हाई. हेड ऑफिस म्हंजे मीच.”

मी तो व्हिडिओ मोबाईलसकट, व्हिडिओ अस्सल असल्याचं लागतं ते सर्टिफिकेट जोडून हजर केला. कंपनीचे वकील म्हणाले, आनंदाच्या भरातलं बोलणं आहे, त्याला अर्थ नाही. मॅनेजर मागच्या बाकावर होता. जजसाहेबांनी त्यालाच उभं केलं. कागद कोणता होता?

“करारच, साहेब. पण ते मी आपलं सहज बोललो.”

“सहीही सहजच केली?”

तो खाली बसला.

अर्ज फेटाळला गेला. दावा नांदेडला चालणार, आणि निकाल लागेपर्यंत हमीपत्रावर मशीन भाऊंच्या ताब्यात, असा आदेश झाला. तोवर देवणीकडची रानं मोकळी झाली होती. उमरीकडं उशिरा पेरलेली थोडी शिल्लक होती, तेवढ्यावर भाऊंनी सीझन काढला. बुडालेल्या दिवसांबद्दल कंपनीनं अजून एक शब्द काढलेला नाही. त्याचं भांडण चालू आहे.

सही करण्याआधी करार वाचा, असं सगळे सांगतात. भाऊंनी वाचला असता तरी कलम तेच राहिलं असतं. मी पक्षकारांना आता एवढंच सांगते: साहेब सही करत असेल तेव्हा मोबाईल चालू ठेवा आणि त्याला मनसोक्त बोलू द्या.