आईची दहावी आणि इंग्रजीतल्या फ्रेज

लसणाच्या फोडणीचा वास आला की ठाकुर्लीचं आमचं चिंचोळं स्वयंपाकघर आठवतं. लग्नामुळे सुटलेली दहावी आई चाळिशीत बाहेरून देत होती आणि तिचं इंग्रजी मी घ्यायचे. फ्रेजचे प्रकार तिच्या डोक्यात शिरतच नव्हते. “नाही गं जमणार, सोडूनच देते,” ती रडवेली होऊन म्हणाली. मी गॅस बारीक केला. “हे बघ, ‘द वुमन’ ही नाउन फ्रेज. ‘इन द किचन’ ही कुठली बाई, ते सांगणारी प्रिपोझिशनल. ‘इज लर्निंग’ ही व्हर्ब फ्रेज. आता सलग म्हण.” आईने अडखळत तिन्ही जोडल्या आणि थबकली. “अगं, ही तर मीच!” त्या वर्षी ती पास झाली. काल फोनवर हळूच विचारत होती, “बारावीला बसू का गं?”